जनरेटिंग फंक्शन: क्षची किंमत शोधू नका

जनरेटिंग फंक्शन, म्हणजे मोजणीची उत्तरं सहगुणकांत साठवणारी घातश्रेणी, पहिल्यांदा शिकताना क्षची किंमत शोधत बसू नका. इथे क्ष ही नुसती खुंटी आहे. घातांक म्हणजे किती वस्तू, सहगुणक म्हणजे किती रीती. श्रेणी अभिसारी आहे का, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते का, हा प्रश्नही तूर्त बाजूला ठेवा.

समजा, नागपूरच्या सीताबर्डीवर फळं घेताय: संत्री जोडीनंच, मोसंबी फार तर एक. संत्र्यांची घातश्रेणी १ + क्ष² + क्ष⁴ + …, मोसंबीची १ + क्ष. दोन्ही फळं मिळून किती रीती, हे मोजायला या दोन्ही गुणा. गुणाकार येतो १ + क्ष + क्ष² + क्ष³ + … सगळे सहगुणक १, म्हणजे कितीही फळं घ्या, रीत एकच! सात हवीत? तीन जोड्या संत्री, एक मोसंबी.

हा गुणाकार क्ष⁵ पर्यंत वहीत हातानं कराच. १/(१ − क्ष) हे सुटसुटीत रूप त्यानंतर लिहा.