एचिंगमधली आजी आणि डाव्या हातातली जपमाळ: या चुका टाळा

जप करणारी आजी, नाहीतर समईपुढे डोळे मिटून बसलेले आजोबा. एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरून वरची पुसायची आणि कागदावर छाप घ्यायचा. ते शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच प्लेटवर हे हवं असतं. विषयाला माझी ना नाही, पण चुकाही दरवर्षी त्याच.

पहिली चूक म्हणजे छाप उलटा येतो हे विसरणं. मीही भोगलंय. आजीची प्लेट केली होती, जस्ताची. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने ओढलेला मणी, तर्जनी बाजूला. तीन आठवडे नुसत्या त्या हातावर गेले. पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, मावशीला दाखवलं. तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, “अगं, आई डाव्या हाताने कधीपासून जप करायला लागली?” तेव्हापासून रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेते, कागद पालथा करते आणि मगच ग्राउंडवर, म्हणजे प्लेटवरच्या ॲसिड अडवणाऱ्या थरावर, उतरवते. उलटं कसं दिसेल ते बघायला टेबलावर दाढीचा जुना आरसाही असतो. एका मुलाने पळवाट सुचवली होती, हात गोमुखीत घालू या. हात काढायचा कंटाळा असेल तर आजी काढूच नका.

दुसरी चूक काळोखाची घाई. रेम्ब्रांटचं १६४२ सालचं अंधाऱ्या खोलीतल्या संत जेरोमचं एचिंग दाखवलं, की सगळ्यांना तस्साच काळोख हवा असतो. खिडकीशी डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा, बाकी खोली जवळजवळ काळी. पण ते काळं म्हणजे एकमेकींवरून गेलेल्या रेघा आहेत. आमची मंडळी दाट रेघा मारतात, प्लेट ॲसिडमध्ये सोडतात आणि चहाला जातात. रेघांमधला धातूच खाल्ला जाऊन रुंद, उथळ खड्डा पडतो. पुसताना त्यातली शाई निघून जाते आणि हाती येतो मळकट करडा डाग. मी ॲसिडला थोडं चावू देते, धुते, उजेडाच्या जागा वॉर्निशने झाकते, पुन्हा बुडवते. नायट्रिक ॲसिडमध्ये रेघांवर बुडबुडे धरतात; ते पिसाने सारायला समोर बसावंच लागतं.

बाकीचं पटकन सांगते. प्लेटच्या कडा कानशीने उतरत्या करा, नाहीतर कागद फाटेल. कागद भिजवून टिपून घ्या. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. पापण्यांवर रेघा गिरवत बसू नका, आजीच्या पाठीचा बाक बघा.

आणि प्लेट चकचकीत पुसू नका. शाईचा पातळ थर राहू द्या. समईच्या ज्योतीपुरती मात्र बोटाला चिंधी गुंडाळून पुसा, एकदाच, हलक्या हाताने.