पोरगं शाळेतून निसटायला लागलंय? आधी हजेरीपट उघडा

पोरगं भलत्या नादाला लागलंय हे घरी कळतं ते एकदम शेवटी, कुणाच्या तरी तक्रारीने नाहीतर पोलिसांच्या फोनने. शाळेपासून ते कधीच तुटलेलं असतं आणि हजेरीपटात ते दिसतही असतं, फक्त कुणी बघत नाही.

म्हणून वर्गशिक्षकांनी दर पंधरवड्याला हजेरी काढून बघा. शाळेचे १० टक्के दिवस बुडले, म्हणजे वीसात दोन, की लक्ष घालायचं. नुसता आकडा नको, दांडी कधी पडते तेही बघा. मधल्या सुट्टीनंतर गायब होतो की एकाच विषयाच्या तासाला? एकाच तासाला पळत असेल तर बहुतेक त्याला तिथे काही कळत नाहीये किंवा रोज सगळ्यांसमोर त्याची लाज काढली जातेय. त्याला एकट्याला बाजूला घेऊन एक पान वाचायला द्या. आठवीतल्या पोराला धड वाचता येत नसेल तर ते लपवायला मस्ती हा सगळ्यात सोपा उपाय, "ढ" म्हणवून घेण्यापेक्षा "दादा" म्हणवून घेणं कुणालाही परवडतं!

मग शाळेतलं एक मोठं माणूस त्याच्यासाठी ठरवून द्या. खेळाचे सर, लायब्ररीतल्या मॅडम, शिपाई काका, ज्याच्याशी त्याचं जमतं तो. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा करून विचारलेला, की बाकीचे गुन्हा का करत नाहीत? त्याचं म्हणणं, माणसांशी आणि शाळेशी असलेलं नातं त्यांना धरून ठेवतं. "सरांना काय वाटेल" एवढा विचार मनात आला तरी पाऊल अडखळतं. पण हे महिनाभराचं काम नाही हां, मिनेसोटा विद्यापीठाच्या "चेक अँड कनेक्ट" पद्धतीत एक मेंटर, म्हणजे असंच ठरवून दिलेलं मोठं माणूस, किमान दोन वर्षं त्याच मुलासोबत असतो. आणि बोलताना "कुठे उलथला होतास" नको, "काल दिसला नाहीस रे, काय झालं" एवढंच, आणि मग गप्प बसून ऐका, हे आपल्याला सगळ्यात जड जातं.

आता काय करू नका ते. सस्पेंड करणं म्हणजे दांडी मारणाऱ्याला शाळेनेच सुट्टी देणं, वरून तो दिवस तो कुणाबरोबर काढणार ते आपल्याला माहीत असतंच. दुसऱ्यांना खरंच धोका असेल तरच घरी बसवा, तेही मोजके दिवस आणि अभ्यास सोबत देऊन. सगळे टवाळ एकाच तुकडीत कोंबू नका, एकमेकांचं बघून ते अजून बिघडतात. तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम तर अजिबात नकोत, अमेरिकेत तपासलं तेव्हा त्यात नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्तच गुन्हे केले.

पालकांनो, एकदा चोरी पकडली म्हणून पोरगं वाया गेलं असं धरून चालू नका. या वयात असले उद्योग करणारी बहुतेक मुलं पुढे आपोआप थांबतात, अगदी लहानपणापासून मारहाण, चोऱ्या चालू असतील तर मात्र वाट बघत बसू नका, काउन्सेलर गाठा.

आणि पोलीस केस झालीच तरी शाळेतून नाव कमी होऊ देऊ नका. तो परत येईल त्याच्या आदल्या दिवशीच वर्गाशी बोलून ठेवा, बुडलेल्या वह्या कोण देणार ते ठरवा, त्याची जागा रिकामी ठेवा. प्रार्थनेला पुढे उभं करून भाषण ठोकलंत तर परवापासून पुन्हा दांडी.