ओळखीत जुनी दुर्बीण विकताना

अनोळखी माणसाला जुनी वस्तू विकणं सोपं. तो उलटसुलट करून बघतो, दहा प्रश्न विचारतो, घासाघीस करतो आणि जातो. ओळखीच्या माणसाला मात्र विचारायचीच चोरी. आपण शंका घेतली असं वाटू नये म्हणून तो दुर्बीण डोळ्याला लावतो न लावतो तोच "मस्त आहे" म्हणून पैसे काढतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी. म्हणून ओळखीत विकताना घेणाऱ्याचे प्रश्नसुद्धा विकणाऱ्यानेच विचारायचे, हा माझा नियम.

हा नियम मी चूक करून शिकलो. पक्षी बघायला सोबत येणाऱ्या एका मित्राला मी माझी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण विकली, तेव्हा तिच्या डाव्या नळीत बुरशीचा बारीक ठिपका होता. मला माहीत होता. त्याने विचारलं नाही, मी बोललो नाही. "दिसण्यात काही फरक पडत नाही" अशी स्वतःची समजूत घातली, आणि तेव्हा तो खरंच पडत नव्हता. वर्षभराने गडी दुसऱ्याच कुणाची तरी दुर्बीण गळ्यात अडकवून आला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "असू दे रे, तुझी ती जरा धूसर झालीये." मी पैसे परत केले, त्याने घेतलेही. पण त्यानंतर त्याने माझ्याकडून साधा टॉर्चही विकत घेतलेला नाही.

तेव्हापासून मी विकायची दुर्बीण घेणाऱ्याच्या समोर तपासतो. अंधाऱ्या खोलीत पुढच्या भिंगात टॉर्च मारायचा आणि तिरकं बघायचं. धुळीचे सुटे कण दिसले तर काळजी नको, जुन्या दुर्बिणीत ते असतातच. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, तंतू फुटल्यासारखी दिसते. ती साफ करून मिळते, पण तिने भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग कायमचा. नंतर बाहेर जाऊन दूरच्या एखाद्या तारेवर किंवा छपराच्या कडेवर दुर्बीण धरायची आणि हळूहळू डोळ्यांपासून लांब न्यायची. दोन नळ्यांतल्या रेघा वरखाली दिसल्या तर दुर्बीण बहुधा कधीतरी पडली आहे, मालक काही म्हणो. थोडासा फरक मेंदू सांभाळून घेतो, त्यामुळे दोन मिनिटांत काही कळत नाही; अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं. म्हणून घेणाऱ्याला एक सकाळभर ती वापरायला द्या. त्या फेरीत ती पडली तर भरपाई कोणाची, हे मात्र आधी बोला.

आणखी एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: घेणारा चष्मा लावतो का? चष्मेवाल्याला डोळा भिंगापासून लांब ठेवूनही सगळं दृश्य दिसायला हवं. त्यासाठी साधारण १५ मिलिमीटर तरी अंतर लागतं. तेवढं नसेल तर वस्तू निर्दोष असूनही त्याच्या कामाची नाही. अशा वेळी "तुला ही जमणार नाही" असं सांगून एक गिऱ्हाईक घालवायचं. जिवावर येतं, पण घालवायचं.

भटकंतीच्या बाकी सामानाचं थोडक्यात. बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असेल तर नुसत्या कपाटात पडूनही काही वर्षांत त्याचा भुगा होतो. तेव्हा "दोनदाच घातलेत" ही जाहिरात नव्हे, कबुली आहे. बूट वाकवून भेगा दाखवा. तंबूचं कापड आतून चिकट लागलं, आंबूस वास आला, की त्याचा जलरोधक लेप गेला. पिसांची स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून थोडा वेळ पसरून ठेवा. फुगली नाही तर ऊब गेली.

आता किंमत. आधार एकच, आज ती वस्तू नवी केवढ्याला मिळते. तुम्ही ती केव्हा नि केवढ्याला घेतली हे तुमचं दुःख, ते मित्राच्या खिशातून काढू नका. चालू मॉडेल असेल आणि दोष नसेल तर मी निम्म्याच्या थोडं वर धरतो, आणि सांगितलेल्या प्रत्येक दोषागणिक खाली येतो. आधी दोष, मग आकडा. उलट केलं की दोष घासाघिशीत हरवतात. आणि "तू देशील ते दे" हे वाक्य कधीही उच्चारू नका. ऐकायला दिलदार वाटतं, पण सगळं ओझं समोरच्यावर जातं. बिचारा घाबरून जास्त देतो, नाहीतर कमी देऊन आयुष्यभर अवघडतो.

दोघांनी मागितली तर पहिला हो म्हणणाऱ्याला द्या, जास्त देणाऱ्याला नाही. घेणाऱ्यानेही मैत्रीची सूट मागू नये, आणि पैसे हप्त्याने द्यायचे असतील तर तारीख आपणहून सांगावी. ठरलेलं सगळं, दोषांसकट, फोनवर दोन ओळींत पाठवून ठेवा. "आपल्यात कशाला?" असं कोणी म्हटलं तर हसून पाठवाच.

चढाईचा दोर आणि हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) मात्र मी कुणालाच विकत नाही. फुकट तर त्याहून नाही, कारण फुकटाची तपासणीच होत नाही. बनवणारे स्वतःच सांगतात की न वापरताही १० वर्षांनंतर ते बाद धरा. बॅटरीतल्या आम्लाचा स्पर्श झाला असेल तर दोर वरून नवाकोरा दिसतो आणि आतून गेलेला असतो. माझा जुना दोर मी निवृत्त केला त्याच दिवशी त्याचे तुकडे केले. अख्खा ठेवला असता तर "नुसत्या सरावापुरता" म्हणून कुणीतरी मागितलाच असता, आणि नाही म्हणायला मला भीड पडली असती. एका तुकड्यावर आता कपडे वाळतात.