प्रजातींच्या स्थलांतराचा नकाशा काढताय? या चुका टाळा

हवामान बदललं की कुठली प्रजाती कुठे सरकेल, याचा नकाशा आता लॅपटॉपवर दुपारभरात निघतो. मॅक्सएंट या मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रजाती कुठे दिसली त्याच्या नोंदी द्यायच्या, वर्ल्डक्लिमचे पाऊस-तापमानाचे नकाशे, म्हणजे थर, द्यायचे, झालं. घोळ होतो तो बहुतेक वेळा नोंदींपाशीच.

आधी अक्षांश-रेखांश बघा. पैठण साधारण १९.५ उत्तर, ७५.४ पूर्व. रकाने उलटे पडले की नाथसागरावरचा (जायकवाडी धरणाच्या जलाशयावरचा) रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, थेट स्वालबार्डजवळच्या आर्क्टिक समुद्रात. ही चूक निदान दिसते तरी. जुन्या नोंदींत माळाऐवजी तालुक्याच्या गावाचा बिंदू टाकलेला असतो, तो खपून जातो. काळवीट एसटी स्टँडवर चरताना सापडलं, तर हेच झालंय.

खरी गडबड जायकवाडीची. पक्षिनिरीक्षक तिकडेच जातात, त्यामुळे नोंदींचा ढीग तिथे आणि बालाघाटाचे डोंगर कोरे. शिवाय रोहित येतो तो धरणाच्या उथळ पाण्यावर. पाऊस-तापमानाच्या थरांत धरण नसतंच. मग मॉडेलचा समज होतो की त्याला पर्जन्यछायाच मानवते, आणि ते कोरडेठाक माळही रोहितच्या नावावर करून टाकतं. म्हणून नकाशाच्या एका चौकोनात एकच नोंद ठेवा, पार्श्वभूमीचे (मॉडेल तुलनेसाठी घेतं ते) बिंदूही निरीक्षक फिरतात तिथूनच उचला आणि पाणपक्ष्यांसाठी जलसाठ्यांचा थर घालाच.

अभ्यास बीडचा, म्हणून नोंदीही बीडच्याच, हे तर सर्रास चालतं. काळवीट राजस्थानात ताल छापरलाही आहे, आणि तिथल्या चुरू जिल्ह्याचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. त्या नोंदी वगळल्या तर मॉडेल इथल्या उन्हालाच काळविटाची हद्द मानतं. पारा जरा चढवला की प्राणी नकाशातून गायब! नोंदी देशभरच्या घ्या.

एयूसी, म्हणजे मॉडेलचे गुण (१ पैकी), ०.९ आला म्हणून हुरळून जाऊ नका. शेजारशेजारच्या नोंदींतल्या काही शिकवायला आणि काही तपासायला वापरल्या, तर पेपर आधीच फुटलेला असतो. भूभागाचे गट पाडून, एका गटावर शिकवून दुसऱ्यावर तपासा. भविष्यासाठीही एकाच हवामान मॉडेलवर विसंबू नका.

आणि 'योग्य' म्हणून रंगलेल्या भागावर आजचा जमीनवापर ठेवून बघा. तिथे ऊस असेल, सोयाबीन असेल. उरलंसुरलं गायरान कागदोपत्री 'पडीक' असतं, आणि पडीक दिसलं की वृक्षारोपणाचे खड्डे पडतात. काळवीट, धाविक (माळावरचा पक्षी) यांना हवा असतो उघडा माळ. वनखात्याला नकाशा देताना अशी गायरानं गट नंबरासह वेगळी दाखवा.