संस्थेच्या विमानप्रवासाचा कार्बन-हिशेब कसा मांडावा

एखादी संस्था पर्यावरणाबद्दल किती गंभीर आहे हे बघायचं असेल, तर मी तिचा वार्षिक अहवाल बाजूला ठेवते आणि प्रवासखर्चाची फाइल मागते. एका संशोधन संस्थेत परिषदा, क्षेत्रभेटी आणि पाहुणे वक्ते यांच्या प्रवासाची व्यवस्था माझ्याकडे आहे. तिकिटं काढणं, बिलं तपासणं आणि आता त्या प्रवासाचं उत्सर्जन मोजणं हे माझं रोजचं काम. बैठकीत दिवे आणि कागद वाचवण्यावर तासभर चर्चा होते, आणि दूरच्या परिषदेला सहा जणांना पाठवायचा प्रस्ताव मात्र कुणी वाचूनही बघत नाही. हे बदलायचं असेल तर आकडा टेबलावर ठेवावा लागतो. तो काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक तक्ता पुरतो, आणि प्रत्येक ओळीला विचारायचा एकच प्रश्न: यात इंधन किती जळालं?

विमानाचं इंधन म्हणजे काटेकोरपणे शुद्ध केलेलं रॉकेलच. ते एक किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. किलोभर इंधनातून तीन किलोंहून अधिक वायू कसा, असं लेखा विभागाने मला विचारलंच होतं. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, ते वजन त्यात धरलेलं असतं. एका लिटरचं वजन साधारण ८०० ग्रॅम, म्हणून लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हे प्रमाण लक्षात ठेवा.

आता तक्ता. पहिल्या रकान्यात दोन विमानतळांमधलं सरळ अंतर लिहा आणि त्यात वळसे नि घिरट्यांसाठी थोडी भर घाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, ५५० ते ५,५०० किलोमीटरच्या उड्डाणात १०० किलोमीटर आणि त्याहून लांबच्या उड्डाणात १२५ किलोमीटर मिळवते. मीही तेच करते. दुसऱ्या रकान्यात इंधन. प्रवासी जेट विमानाला एका प्रवाशामागे १०० किलोमीटरला साधारण साडेतीन लिटर लागतं असं धरा. विमान नवं आणि भरलेलं असेल तर यापेक्षा कमी, जुनं आणि अर्धं रिकामं असेल तर बरंच जास्त.

समजा, अंतर १,५०० किलोमीटर. भर घालून १,६००. इंधन ५६ लिटर, उत्सर्जन १४० किलो. जाऊन-येऊन २८० किलो. आता ६,००० किलोमीटरचं उड्डाण घ्या: ६,१२५ किलोमीटर, सुमारे २१४ लिटर, ५३५ किलो, जाऊन-येऊन एक टनाच्या वर. जगातल्या एका माणसामागचं वर्षभराचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन पाच टनांच्या आत आहे. तीन दिवसांच्या परिषदेसाठी त्याचा पाचवा हिस्सा संपतो. आमच्या संचालकांसमोर ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवली, तेव्हा पहिल्यांदा कुणी पान उलटण्याआधी थांबलं.

तिसरा रकाना वर्गाचा आणि तो गाळू नका. लांबच्या उड्डाणात बिझनेस क्लासची खुर्ची इतकी जागा घेते की तिच्या वाट्याचं उत्सर्जन इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट धरलं जातं. फर्स्ट क्लासचं त्याहून जास्त. थेट उड्डाण आहे की मध्ये विमान बदलायचं, हेही याच रकान्यात नोंदवा. जमिनीवरून उठून उंची गाठेपर्यंत इंधन भराभर जळतं, आणि वाटेत थांबा घेतला की ते दोनदा करावं लागतं. स्वस्त तिकीट बहुतेकदा असंच वळशाचं असतं. कागदावर पैसे वाचतात आणि इंधन वाढतं. तक्त्यात दोन्ही आकडे शेजारी असले की निवड करणाऱ्याला ते दिसतं.

चौथा रकाना कार्बन डायऑक्साइडखेरीज होणाऱ्या इतर परिणामांचा, आणि तो बहुतेक संस्था मांडतच नाहीत. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विमान वाहतुकीचा जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला वाटा सुमारे अडीच टक्के. हा आकडा पुढे करून ‘इतकंच तर आहे’ म्हणणारे खूप भेटतात. पण विमानामुळे होणारी तापमानवाढ फक्त त्या वायूमुळे होत नाही. उंचावरच्या थंड, दमट हवेत इंजिनाच्या धुरातल्या काजळीच्या कणांवर बर्फाचे स्फटिक धरतात आणि विमानामागे पांढरी रेषा उमटते. हवा कोरडी असेल तर ती लगेच विरते. हवेत पुरेसा ओलावा असेल तर पसरून तासन्‌तास टिकणारा ढग होतो. दिवसा तो थोडं ऊन परतवतो तरी. रात्री मात्र परतवायला ऊन नसतं, जमिनीची उष्णता तेवढी पांघरुणासारखी अडवली जाते. नायट्रोजन ऑक्साइड वगैरेंचा परिणाम वेगळाच. हे सगळं धरून २०१८ पर्यंतच्या विमान वाहतुकीचा जो अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला, त्यात जवळपास दोन तृतीयांश ताप कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर गोष्टींचा निघाला. या अंदाजात अनिश्चितता मोठी आहे. तरी ती आहे म्हणून शून्य लिहिणं मला पटत नाही. मी कार्बन डायऑक्साइडचा आकडा १.७ ने गुणते. ब्रिटिश सरकार संस्थांसाठी जे मोजणीचे गुणक प्रसिद्ध करतं, त्यांतला हा आकडा. काही मोजणी करणारे याहून मोठा गुणक वापरतात. तुम्ही कुठलाही घ्या, पण तो तक्त्यावर लिहा आणि दरवर्षी तोच ठेवा.

इथे एक आशेची जागाही आहे. सगळीच विमानं अशा टिकाऊ रेषा सोडत नाहीत. थोड्या उड्डाणांचा त्यात मोठा वाटा असतो आणि हवेचा तो दमट थर टाळून वर-खाली उडता येतं. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांवर केलेल्या चाचणीत रेषा ५४ टक्क्यांनी घटल्या. इंधन किंचित जास्त लागलं. युरोपीय संघाने २०२५ पासून विमान कंपन्यांना या परिणामांची नोंद ठेवायला लावली आहे, आणि मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण नोंद नसलेल्या गोष्टीवर पुढे धोरण करता येत नाही.

तक्ता भरला की कपात. प्रवास मंजूर करण्याच्या अर्जात खर्चाच्या शेजारी उत्सर्जनाची चौकट घाला, ती रिकामी असेल तर अर्ज परत. इकॉनॉमी हा नियम, अपवादाला लेखी कारण. रेल्वेने काही तासांत पोचता येत असेल तर विमान नाही. किती तास ते संस्थेने ठरवावं. फ्रान्सने २०२३ मध्ये देशांतर्गत मार्गांसाठी अडीच तासांची रेषा आखली आणि पॅरिसच्या ओर्लीहून नांत, लियाँ आणि बोर्दोला जाणारी विमानं थांबली. तिथे मोजकेच मार्ग बंद झाले, पण संस्थेच्या पातळीवर चार-पाच तासांची मर्यादा घालायला काहीच हरकत नाही.

कुणी जायचं, यावर खरी भांडणं होतात. प्रत्येक विभागाला वर्षाचा ठरावीक कोटा द्या, असं मी सांगते, पण तो वरिष्ठांनी आधी वापरायचा नाही. आमच्याकडे एक पीएच.डी. करणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, सरांना सगळे ओळखतात, ते पडद्यावरून बोलले तरी चालतं. मला कोण ओळखणार?” ती बरोबर होती. ज्यांची ओळख अजून व्हायची आहे त्यांना प्रत्यक्ष जाऊ द्यावं, आणि नाव झालेल्यांनी बीजभाषण दूरस्थ द्यावं. एकाच खंडातली दोन कामं एकाच फेरीत जोडली की आणखी एक तिकीट वाचतं.

यानंतर तुमच्याकडे ‘हरित’ पर्याय विकायला लोक येतील. झाडं लावून भरपाई करतो म्हणणाऱ्याला विचारा: हा प्रकल्प आमच्या पैशांशिवाय झाला नसता का? झाडं जळली तर काय? त्याच टनांची विक्री दुसऱ्या कुणाला झाली नाही याचा कागद कुठे? मार्च २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या डच विमान कंपनीच्या अशाच काही जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. संस्थेने भरपाईचे पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, पण तक्त्यातून ते टन वजा करू नयेत.

शाश्वत इंधनाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. वापरलेलं खाद्यतेल, टाकाऊ चरबी किंवा हवेतला कार्बन आणि हायड्रोजन यांपासून ते बनतं. इंजिनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच असतो. फायदा असतो तो हा की तो कार्बन जमिनीखालून उपसलेला नसतो. सगळी साखळी धरून चांगल्या इंधनात ८० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. पण २०२४ मध्ये जगभरच्या विमान इंधनात त्याचा वाटा सुमारे ०.३ टक्के होता. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के, २०३० ला ६ आणि २०५० ला ७० टक्के मिश्रण सक्तीचं केलं आहे. म्हणून विकणाऱ्याला हेच विचारा की आमच्या पैशांचं इंधन सक्तीच्या टक्केवारीत मोजलं जातं की त्यावर जास्तीचं आहे. सक्तीतलंच असेल तर तुमच्या पैशांनी काही बदललेलं नाही.

सरकारी धोरणं वाचतानाही हीच सवय ठेवा. कोर्सिया ही आयकाओची उत्सर्जन-भरपाईची योजना २०१६ मध्ये ठरली. ती फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना लागू आहे आणि २०१९ च्या ८५ टक्क्यांवर गेलेल्या उत्सर्जनाचीच भरपाई मागते. त्या रेषेखालचं इंधन मुक्त. युरोपची उत्सर्जन-परवाना पद्धत, म्हणजे जितके टन सोडाल तितके परवाने जमा करा, जास्त कडक: २०१२ पासून विमानांना लागू, आणि फुकट परवाने कमी करत करत २०२६ पासून बंद. पण ती मुख्यतः युरोपातल्या अंतर्गत उड्डाणांपुरती, आणि सर्वाधिक इंधन पिणारी लांबची उड्डाणं बाहेरच.

आणि ‘विमान इंधनावर आंतरराष्ट्रीय कायद्याने कर लावताच येत नाही’ असं कुणी म्हणालं, तर अर्धंच खरं आहे म्हणून सांगा. १९४४ च्या शिकागो कराराने विमानात आधीपासून असलेल्या इंधनाला कर माफ केला. नव्याने भरलेल्या इंधनाची माफी दोन-दोन देशांच्या करारांतून आली आहे, ते करार बदलता येतात. देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर तर कर लावायला या कराराची आडकाठीच नाही. ब्रिटन १९९४ पासून प्रवाशांवर कर घेतं आणि लांबच्या प्रवासाला, वरच्या वर्गाला तो जास्त ठेवतं. ही रचना मला न्याय्य वाटते, कारण २०१८ मध्ये विमानात बसलेली माणसं जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे ११ टक्केच होती असा अंदाज आहे.

विमानतळाचा विस्तार किंवा नवा कर यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा संस्थेच्या नावाने लिहा आणि तक्ता जोडा. तीन मागण्या पुरतात: प्रत्येक उड्डाणाचं प्रत्यक्ष जळालेलं इंधन जाहीर व्हावं, पांढऱ्या रेषांची नोंद सक्तीची व्हावी, आणि लांबची उड्डाणं कुठल्याही मोजणीतून वगळू नयेत. ज्या कंपन्यांची तिकिटं तुम्ही सर्वाधिक काढता त्यांनाही हेच पत्र पाठवा, सोबत विमानाचा प्रकार, आसनसंख्या आणि सरासरी किती आसनं भरलेली असतात हा आकडा मागा. उत्तर आलं की साडेतीन लिटरचा माझा अंदाज खोडा आणि त्यांचा आकडा घाला.