निळीच्या उठावाची कारणे लिहिताना या चुका टाळा

बंगालमधील १८५९-६० च्या निळीच्या उठावाबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘भाव कमी होता’ आणि ‘मळेवाले (निळीचा धंदा करणारे युरोपीय) क्रूर होते’ एवढ्यावरच थांबतात. दोन्ही खरे आहे. पण परवडत नसलेले पीक शेतकरी पुढच्या हंगामात सोडून देतो, मग ही रयत वर्षानुवर्षे नीळ का पेरत राहिली, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याचे उत्तर ‘दादन’ या पद्धतीत आहे. दादन म्हणजे आपल्याकडची उचल. कोठीवर, म्हणजे मळेवाल्याच्या निळीच्या कारखान्यावर जाऊन रयत थोडे रुपये घेई आणि मुद्रांकाच्या कागदावर निशाणी करी. कित्येकदा तो कागद कोराच असे. पुढे बियाण्याची, गाडीभाड्याची, इतकेच काय, त्या मुद्रांकाचीही किंमत रयतेच्याच नावे लागे. कापणीनंतर निळीच्या जुड्या साखळीने मोजल्या जात आणि साखळी कोठीच्या माणसाच्या हातात असे. उचल फिटत नसे. बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढे आणि बाप गेल्यावर मुलाच्या माथी येई. म्हणून कारणांत उचल आधी मांडावी. लाठीवाल्यांची मारहाण आणि भाताच्या उत्तम जमिनीवर निळीची सक्ती ही त्या उचलीच्याच जोरावर चाले.

दुसरी चूक कालक्रमाची आहे आणि ती मला अधिक खटकते, कारण तिने कार्यकारणभावच उलटा होतो. जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. ती १८५९ च्या उठावाचे कारण असूच शकत नाही. ती बिहारमधील चंपारणच्या, म्हणजे गांधीजींच्या १९१७ च्या सत्याग्रहाच्या प्रकरणात येते. तिथे तीनकठिया पद्धतीने बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावणे बंधनकारक होते. निळीची मागणी घटल्यावर मळेवाल्यांनी या बंधनातून सुटका देण्याच्या बदल्यात ‘शरहबेशी’ म्हणजे वाढीव खंड, नाहीतर ‘तावान’ म्हणजे एकरकमी भरपाई उकळली. १९१७ च्या तक्रारींत या वसुलीचा मोठा वाटा होता.

१८७५ चे दख्खनचे दंगेही सक्तीच्या पिकाविरुद्धच्या उठावांच्या रांगेत बसवू नयेत. पुणे जिल्ह्यातील सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे कर्ज आणि वाढीव शेतसारा होता. कापसाची सक्ती नव्हती.

शेवटी, बंगालच्या उठावाचे श्रेय केवळ कलकत्त्यातील सुशिक्षितांना देऊ नये. त्यांचा पाठिंबा मोलाचा होता, पण नदिया जिल्ह्यात उठावाला तोंड फोडणारे दिगंबर आणि विष्णुचरण विश्वास हे गावचेच होते, आणि कोठीचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता.