नाकातला स्टेरॉइड स्प्रे वर्षानुवर्षे चालू असेल, तर डोळे कसे जपावेत

मिरगाचा पाऊस लागला की कोकणात जांभ्याच्या भिंती ओल धरतात, गोधड्यांना कुबट वास येतो आणि बुरशीबरोबर घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटकही वाढतात. त्यामुळे ॲलर्जीच्या सर्दीसाठी काही आठवड्यांपुरता लिहून दिलेला स्प्रे पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे चालू राहतो. माझ्या आईचा सहा वर्षे चालला.

घाबरून स्प्रे बंद करू नये, हे आधी सांगतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट किंवा मोमेटासोन नाकात मारल्यावर 2 टक्क्यांहून कमी औषध रक्तात पोहोचते, आणि ठरलेल्या मात्रेत वापरणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांना त्याने अपाय झालेला आढळत नाही. बेक्लोमेथासोन आणि ट्रायमसिनोलोन यांचे हे प्रमाण मात्र बरेच अधिक असते, म्हणून बाटलीवरचे मूळ औषधाचे नाव वाचावे. ते झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असेल तर तो स्टेरॉइड नव्हे. नाक झटपट मोकळे करणारा तो स्प्रे चार-पाच दिवसांपलीकडे वापरायचाच नसतो.

स्टेरॉइडमुळे डोळ्याला दोन प्रकारे धोका संभवतो. काही जणांच्या डोळ्यातला पाण्यासारखा द्रव बाहेर वाहून जाण्याच्या वाटेला अडथळा होतो, आतला दाब वाढतो आणि तो तसाच राहिला तर दृष्टीची नस झिजून काचबिंदू होतो. यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि समोरचे बराच काळ नीट दिसत राहते. दुसरा धोका भिंगाच्या मागच्या बाजूला धरणाऱ्या मोतीबिंदूचा. त्यात वाचायला त्रास होतो, दुपारच्या उन्हात समुद्राच्या पाण्याची चमक सहन होत नाही आणि रात्री घाटात समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे डोळ्यांसमोर फुटल्यासारखे पसरतात.

आता करायचे काय? घरातली सगळी औषधे एका ताटात काढावीत. आईच्या डब्यातून नाकाच्या स्प्रेबरोबर दम्याचा पंप निघाला आणि पापणीच्या खाजेसाठी घेतलेली, अर्धी पिळून दुमडलेली मलमाची ट्यूबही निघाली. तिन्हींत स्टेरॉइड होते, तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली होती आणि त्यांची बेरीज कोणीच केली नव्हती, आम्हीही नाही. तिच्या डोळ्यातला दाब 26 भरला. साधारणपणे तो 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. दोष एकट्या स्प्रेला देता येणार नाही, आणि पापणीचे मलम तर डोळ्याला अगदी लागून असते. म्हणून हे ताट डॉक्टरांना जसेच्या तसे दाखवावे.

घरात कोणाला काचबिंदू असेल, स्वतःला मधुमेह असेल किंवा चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल, तर स्प्रे सुरू करतानाच डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा आणि पुढची तपासणी नेत्रतज्ज्ञ सांगतील त्या अंतराने करावी. इतरांनीही दीर्घ वापरात वर्षातून एकदा ती चुकवू नये. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नव्हे. दाब, भिंग आणि नस या तिन्ही गोष्टी पाहून घ्याव्यात.

मात्रा कमी ठेवण्याचे निम्मे काम स्प्रे मारण्याच्या पद्धतीतच आहे. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. त्यासाठी विहिरीचे पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. बाटली हलवून मान किंचित खाली झुकवावी, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा आणि बाटलीची तोंडी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावी. श्वास हलकेच घ्यावा, कारण जोरात ओढल्यास औषध घशात उतरते. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा तिसऱ्याच दिवशी फवारे वाढवू नयेत. आराम पडल्यावर मात्रा किती उतरवायची, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे.

डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, उलटी झाली किंवा नजर एकाएकी धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. नेहमीच्या तपासणीला जातानाही कोणाला तरी बरोबर न्यावे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते आणि त्या अवस्थेत मोटरसायकल चालवत गावी परतणे धोक्याचे आहे.